कामावर इजा झाली तर हक्काचे पैसे कसे मिळवायचे: वाळूजच्या प्रेसपासून उसाच्या फडापर्यंत

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा या औद्योगिक पट्ट्यात पावर प्रेसवर (पत्रा दाबून कापणाऱ्या यंत्रावर) बोट गेलेला माणूस शोधायला लांब जावं लागत नाही. रांजणगाव शेणपुंजीच्या किंवा बजाजनगरच्या कुठल्याही चहाच्या टपरीवर पाच मिनिटं उभं राहा, कप धरलेल्या हातांकडे बघा. जालन्याच्या रोलिंग मिलमध्ये भाजतं, सेलू-मानवतच्या जिनिंगमध्ये पट्ट्यात हात जातो, लातूरच्या दालमिलमध्ये पोत्यांची थप्पी अंगावर कोसळते. या बहुतेकांचा पैशांवर कायद्याने हक्क असतो. तरी अनेकांच्या हाती पडते ती मालकाने खिशातून काढून दिलेली दहा-वीस हजारांची रक्कम आणि ‘बघू पुढं’ हे आश्वासन.

कायदा कमी पडतो म्हणून हे होतं, असं मला वाटत नाही. पहिल्या दोन दिवसांत कागदावर काय लिहिलं गेलं, यावर पुढची सगळी भानगड ठरते. त्या दोन दिवसांत जखमी माणूस शुद्धीवर नसतो, बायको गावाकडून निघालेली असते आणि कागद लिहिणारा असतो कंपनीचा सुपरवायझर. म्हणून हा लेख जखमी माणसापेक्षा त्याच्या भावाने, मेहुण्याने, खोलीतल्या जोडीदाराने वाचावा.

आधी बघा, तुम्ही कुठल्या कायद्यात बसता

कामावरच्या इजेचे दोन मोठे रस्ते आहेत. एक ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा. दुसरा थेट मालकाकडून नुकसानभरपाई, जी १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्यातून आली. एकाच इजेसाठी दोन्हीकडून पैसे मिळत नाहीत. ईएसआय लागू असेल तर दुसरा रस्ता बंद होतो. त्यामुळे वकिलाकडे जाण्याआधी आपला रस्ता कोणता, हे माहीत हवं.

दहा किंवा जास्त माणसं असलेला कारखाना आणि महिन्याचा पगार २१,००० रुपयांपर्यंत (दिव्यांग कामगाराला २५,०००) असेल तर ईएसआय. ही मर्यादा मोजताना ओव्हरटाइम धरत नाहीत. पगार मध्येच २१ हजारांच्या वर गेला तरी लगेच बाहेर पडत नाही. एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे वर्गणीचे दोन कालखंड असतात, चालू कालखंड संपेपर्यंत संरक्षण राहतं. वर्गणी जुलै २०१९ पासून कामगाराची पाऊण टक्का आणि मालकाची सव्वातीन टक्के. १६,००० पगार असेल तर तुमच्या स्लिपवर १२० रुपये कपात दिसेल आणि मालकाने वरून ५२० भरायचे असतात.

स्लिपवर १२० कापले म्हणजे ते भरलेच, असं मात्र नाही. तुमचा दहा आकडी आयपी नंबर, म्हणजे विमाधारक क्रमांक, घ्या आणि ईएसआयसीच्या (ईएसआय चालवणाऱ्या महामंडळाच्या) पोर्टलवर किंवा उमंग अ‍ॅपमध्ये दर महिन्याची वर्गणी जमा होते का, ते स्वतः बघा. बायकोचं, लेकरांचं, आईवडिलांचं नाव त्यात आहे का, तेही बघा. हे काम धडधाकट असताना करायचं आहे, या रविवारी जमलं तर याच रविवारी.

ठेकेदाराकडून लागलेल्या पोरांना वाटतं की आपण ‘कंपनीचे’ नाही, म्हणून आपल्याला ईएसआय नाही. हे चूक आहे. ठेकेदाराच्या माणसाची वर्गणी भरली जाते की नाही, याची जबाबदारी शेवटी मूळ कंपनीवर असते. आणि कुणीच भरली नसेल तरी घाबरू नका. कायद्याची भाषा ‘ज्याची वर्गणी भरली आहे किंवा भरायला हवी होती’ अशी आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००३ च्या एका निकालात हेच धरलं: वर्गणी अपघातानंतर भरली गेली तरी कामगार विमाधारकच ठरला. अशा वेळी ईएसआयसी कामगाराला लाभ देते आणि खर्च मालकाकडून वसूल करते. शिवाय कामावरच्या इजेला ‘इतके दिवस वर्गणी झाली पाहिजे’ ही अट नाही. रुजू होऊन पहिलीच शिफ्ट असली तरी हक्क आहे.

पहिले दोन दिवस

जखमेवर उपचार आधी. जीव धोक्यात असेल तर जवळचं कोणतंही रुग्णालय चालतं, ईएसआयचंच हवं असं नाही. तातडीच्या खाजगी उपचारांचा खर्च नंतर ईएसआयसीकडे मागता येतो, फक्त बिलं, डिस्चार्ज कार्ड आणि औषधांच्या पावत्या मूळ स्वरूपात ठेवा.

आता खरी गोष्ट केसपेपरची. डॉक्टर विचारतात, ‘काय झालं?’ आणि उत्तर देतो सोबत आलेला कंपनीचा माणूस. एका पोराच्या केसपेपरवर पहिलीच ओळ होती: ‘घरी लोखंडी दारात बोट चेंगरलं.’ तर्जनीचं वरचं पेर सरळ रेषेत कापलेलं, नखाच्या कडेला प्रेसच्या तेलाचा काळा थर, आणि दाखल होण्याची वेळ फर्स्ट शिफ्टच्या मधली सकाळची साडेदहा. या वेळेला घरी कोण असतो? पण हा प्रश्न सहा महिन्यांनी विचारायला जड जातो, कारण तोवर ती ओळ पुरावा झालेली असते.

म्हणून सोबत घरचं किंवा विश्वासातलं कुणी असेल तर त्याने स्वतः सांगावं: कुठल्या कंपनीत, कुठल्या मशीनवर, किती वाजता, काय करताना. केसपेपरवर तेच लिहिलंय का, ते वाचून घ्यावं, इंग्रजी वाचता येत नसेल तर नर्सला वाचायला सांगावं. चुकीचं लिहिलं असेल तर त्याच दिवशी दुरुस्त करायला लावावं. मोठी इजा असेल तर रुग्णालय ‘एमएलसी’, म्हणजे पोलीस प्रकरण म्हणून नोंद, करून पोलिसांना कळवतं आणि पोलीस जबाब घ्यायला येतात. तिथेही तेच, नेमकं. ‘साहेब म्हणाले असं सांग’ या दबावाला बळी पडू नका. कंपनी रुग्णालयाचं बिल भरते आहे म्हणून खोटं सांगायचं, हा सौदा फार महाग पडतो.

दुसरं काम लेखी कळवण्याचं. कारखान्यात अपघाताची नोंदवही असते, ईएसआयच्या नियमांत तो फॉर्म ११. त्यात नोंद करायला सांगा आणि जमलं तर त्या पानाचा फोटो घ्या. मालकाने ईएसआयसीला अपघाताचा अहवाल, म्हणजे फॉर्म १२, चोवीस तासांत पाठवायचा असतो, आणि इजा गंभीर असेल तर लगेच. हा अहवाल ऑनलाइन जातो, त्याची प्रत मागा. टाळाटाळ दिसली की वाट बघू नका. साध्या कागदावर अर्ज लिहा: नाव, आयपी नंबर, कंपनी, ठेकेदार, तारीख, वेळ, मशीन, काय झालं, कोणी बघितलं, कुठे उपचार चालू आहेत. एक प्रत कंपनीला, एक ईएसआयसीच्या शाखा कार्यालयाला, दोन्ही स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह. सोबत सुपरवायझरला व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ओळी टाका. ‘सर, आज सकाळी प्रेसवर माझं बोट गेलं, मी अमुक रुग्णालयात आहे.’ यावर त्याने नुसतं ‘ओके’ म्हटलं तरी तो पुरावा आहे. मेसेज डिलीट करू नका, फोन बदलला तर बॅकअप घ्या.

मशीनचा फोटो शक्य असेल तर तोही घ्या. पावर प्रेसवर हात आत असताना स्ट्रोक (प्रेसचा दाब) पडू नये म्हणून सेन्सर किंवा दोन्ही हातांनी दाबायची बटणं असतात. उत्पादन वाढवायला ती बंद करून ठेवण्याचे प्रकार होतात, आणि अपघातानंतर ‘त्यानेच सेन्सर काढला’ असं म्हणायला सोपं जातं. मृत्यू झाला किंवा कामगार अठ्ठेचाळीस तास किंवा जास्त कामावर येऊ शकला नाही, तर कारखान्याने औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयालाही कळवायचं असतं. त्यांनी तपासणी केली तर अहवालाची प्रत माहिती अधिकारात मागता येते.

ईएसआयमधून काय मिळतं, आणि कसं

उपचार: विमाधारकाच्या कामावरच्या इजेवर खर्चाची वरची मर्यादा नाही. चिकलठाण्याला राज्य कामगार विमा रुग्णालय आहे, तिथे सोय नसलेल्या शस्त्रक्रियेसाठी करार केलेल्या खाजगी रुग्णालयात पाठवतात. त्यासाठी रेफरल पत्र लागतं. ते न घेता परस्पर मोठ्या हॉस्पिटलात ठरवून केलेली शस्त्रक्रिया नंतर अडकते. तातडीचं आणि ठरवून केलेलं यातला फरक इथेच आहे.

घरी बसलेल्या दिवसांचे पैसे: अपघाताचा दिवस सोडून किमान तीन दिवस काम करता आलं नाही तर तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ सुरू होतो. सरासरी रोजाच्या ९० टक्के, आणि डॉक्टर ‘काम करू शकत नाही’ म्हणतील तोवर, त्याला दिवसांची मर्यादा नाही. १६,००० पगाराला ढोबळमानाने रोज ५३३ धरला तर दिवसाला ४८० रुपये, रविवारसकट. हे पैसे बँक खात्यात येतात, पण ईएसआय डॉक्टरच्या सर्टिफिकेटवरच. हे सर्टिफिकेट पुन्हा पुन्हा घ्यावं लागतं आणि मधे खंड पडला की तेवढे दिवस बुडतात. गावाकडे जाऊन पडलेल्या माणसाचं नेमकं इथेच नुकसान होतं. परभणी-हिंगोलीकडच्या गावी राहायचं असेल तर आधी शाखा कार्यालयात सांगून तिकडच्या ईएसआय दवाखान्याची किंवा डॉक्टरची व्यवस्था करून घ्या.

आता सगळ्यात जास्त पैसे जिथे सोडले जातात, ती जागा. जखम भरली, डॉक्टरने ‘फिट’ म्हणून शेवटचं सर्टिफिकेट दिलं, पोरगा कामावर गेला, प्रकरण संपलं. प्रत्यक्षात ते तिथे संपत नाही. बोट, पेर, डोळ्याची नजर, सांध्याची हालचाल, यांतलं काहीही कायमचं गेलं असेल तर मेडिकल बोर्डापुढे जायचं असतं. बोर्ड कमाईची क्षमता किती टक्के गेली ते ठरवतं आणि त्या प्रमाणात आयुष्यभर दरमहा पैसे मिळतात. कामावर परत गेलात, पगार पूर्ववत झाला, तरीही.

कायद्याच्या परिशिष्टात ठरलेले टक्के आहेत. अंगठा पूर्ण गेला तर ३०. तर्जनी पूर्ण गेली तर १४, तिचं एक पेर गेलं तर ९, आणि हाड न जाता नुसतं टोक कापलं गेलं तर ५. मधलं बोट १२, अनामिका किंवा करंगळी ७. एका हाताची दोन बोटं गेली तर २०, तीन गेली तर ३०, चारही गेली तर ५०. एक डोळा गेला आणि दुसरा ठीक असेल तर ४०. दोन्ही हात किंवा दोन्ही डोळे, तर १००.

वरच्या १६,००० पगाराच्या माणसाची दोन बोटं गेली असं धरा. रोजचे ४८० चे २० टक्के म्हणजे ९६ रुपये. महिन्याला साधारण २,८८०, वर्षाला ३५,०४०. वय ३५ असेल तर पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत याची बेरीज किती होते ते घरी मांडून बघा. महागाईनुसार हा दर वेळोवेळी वाढवलाही जातो. आणि हे सगळं फक्त बोर्डाला अर्ज केला नाही म्हणून सोडून दिलं जातं.

बोर्डापुढे जाताना जुनी सगळी कागदं, एक्सरे आणि शस्त्रक्रियेची टिपणं न्या. तुम्ही काय काम करता ते सविस्तर सांगा, आणि आता काय जमत नाही तेही: चिमटीत नट धरता येत नाही, थंडीत बोट बधिर होतं, मुठीत हातोडी टिकत नाही. परिशिष्टात नसलेल्या इजेत, म्हणजे मनगट वळत नाही, पाठीचा मणका दबला अशा वेळी, हे सांगणंच कामी येतं. निर्णय कमी वाटला तर वैद्यकीय अपील न्यायाधिकरणाकडे किंवा कामगार विमा न्यायालयात जाता येतं. निर्णयाच्या पत्रावरची तारीख बघा आणि महिने घालवू नका.

मृत्यू झाला तर त्या ९० टक्के दराची पेन्शन आश्रितांमध्ये वाटली जाते. विधवेला पाचातले तीन हिस्से, प्रत्येक मुलाला दोन. बेरीज पूर्ण दराच्या वर गेली तर प्रमाणात कमी होते, म्हणजे विधवा आणि दोन लेकरं असतील तर सातातले तीन, दोन, दोन. अंत्यविधीला १५,००० रुपये वेगळे.

ईएसआय नसेल तर

दहापेक्षा कमी माणसांचं वर्कशॉप, २१ हजारांवर पगार, ट्रकचा क्लीनर, विहिरीवर सुरुंगाचं काम करणारा गडी, यंत्रावर काम करणारा शेतमजूर. यांचा रस्ता थेट मालकाकडे. मालकाने विमा उतरवलेला असो वा नसो, देणं त्याचंच.

हिशेब पक्का ठरलेला आहे. मृत्यूमध्ये महिन्याच्या पगाराचा ५० टक्के भाग गुणिले वयाचा गुणक. कायमच्या पूर्ण अपंगत्वात ६० टक्के गुणिले तोच गुणक. अंशतः असेल तर त्याचे तेवढे टक्के. गुणक वय वाढेल तसा कमी होतो: २५ व्या वर्षी २१६.९१, ३५ व्या वर्षी १९७.०६, ४५ व्या वर्षी १६९.४४, ५५ व्या वर्षी १३५.५६. पगार कितीही असला तरी जानेवारी २०२० पासून १५,००० पर्यंतच धरतात.

म्हणजे ३५ वर्षांचा, १६,००० पगाराचा माणूस मेला तर ७,५०० गुणिले १९७.०६ म्हणजे १४,७७,९५० रुपये. दोन बोटं गेली तर ९,००० गुणिले १९७.०६ होतात १७,७३,५४०, त्याचे २० टक्के ३,५४,७०८. वीस हजार देऊन मिटवायला आलेल्या मालकापुढे हा आकडा कागदावर लिहून ठेवा. किमान रक्कम मृत्यूला १,२०,००० आणि पूर्ण अपंगत्वाला १,४०,०००. उपचारांचा प्रत्यक्ष खर्च त्याशिवाय मालकानेच द्यायचा. घरी बसलेल्या काळात दर पंधरवड्याला महिन्याच्या पगाराच्या २५ टक्के, म्हणजे महिन्याला निम्मा पगार.

टक्क्यांचा खेळ इथे मोठा आहे. परिशिष्टातले आकडे किमान समजा. सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये प्रतापनारायण सिंह देव विरुद्ध श्रीनिवास सबाता या खटल्यात डावा हात गेलेल्या सुताराचं नुकसान १०० टक्के धरलं, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही. तेव्हा डॉक्टरचं प्रमाणपत्र घेताना ‘शरीराचे किती टक्के’ एवढंच लिहून घेऊ नका. याच माणसाला हेच काम करता येईल का, यावर डॉक्टरांनी मत द्यावं, असा आग्रह धरा.

पैसे अपघाताच्या दिवसापासूनच देय होतात. महिन्याभरात दिले नाहीत तर १२ टक्के व्याज, आणि उशिराला सबळ कारण नसेल तर रकमेच्या ५० टक्क्यांपर्यंत दंड. मालकाची विमा पॉलिसी असेल तर रक्कम आणि व्याज विमा कंपनी देते, दंड मालकाच्या खिशातून जातो. त्यामुळे पॉलिसीची प्रत मागा आणि अर्जात विमा कंपनीलाही पक्षकार करा. मालकाने प्रीमियम वाचवायला पॉलिसीत दहा माणसं लिहून तीस कामाला लावली असतील, तर ती त्याची अडचण आहे, तुमचा दावा त्याने थांबत नाही.

‘चूक त्याचीच होती’ हे उत्तर फारसं चालत नाही. निष्काळजीपणा असला तरी भरपाई मिळते. दारू प्यायलेला असणं, सुरक्षेचा स्पष्ट आदेश जाणूनबुजून मोडणं, किंवा मुद्दाम सुरक्षा साधन काढणं, एवढ्याच पळवाटा आहेत. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं असेल तर त्याही चालत नाहीत.

दावा कामगार न्यायालयात किंवा दिवाणी न्यायाधीशांपुढे, जे या कायद्याखाली आयुक्त म्हणून बसतात. १९२३ च्या कायद्यात मुदत दोन वर्षांची, तीच डोळ्यापुढे ठेवा. वकिलाला ‘मिळालेल्या पैशात तिसरा हिस्सा’ कबूल करण्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच त्यांचं कार्यालय असतं. औद्योगिक कामगार, स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि दिव्यांग यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. हे फारसं कुणी सांगत नाही.

कामाला जाता-येता रस्त्यावर

ईएसआयमध्ये घर ते कामाची जागा या प्रवासातला अपघात २०१० पासून धरला जातो. थेट मालकाकडच्या भरपाईत याबाबत बरीच वर्षं वाद होता, आणि तो मिटला आपल्याच भागातल्या एका खटल्यातून. धाराशिव जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याचा रखवालदार २२ एप्रिल २००३ रोजी पहाटे तीनच्या पाळीला मोटारसायकलवर निघाला आणि कारखान्यापासून साधारण पाच किलोमीटर अलीकडे अपघातात गेला. खालच्या न्यायालयाने घरच्यांना ३,२६,१४० रुपये आणि १२ टक्के व्याज दिलं. उच्च न्यायालयाने ते काढून घेतलं. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये परत दिलं. बावीस वर्षं लागली, पण आता ‘तो अजून गेटच्या आत आला नव्हता’ हा बचाव तसाच चालणार नाही. प्रवासाचा वेळ, ठिकाण आणि काम यांचा संबंध दाखवता यायला हवा: शिफ्टचं वेळापत्रक, हजेरीचं पंचिंग, नेहमीचा रस्ता, पोलीस पंचनामा.

समोरच्या गाडीची चूक असेल तर मोटार अपघात न्यायाधिकरणाचाही पर्याय असतो. मालकाकडून भरपाई किंवा मोटार अपघात दावा यांपैकी एकच निवडावा लागतो. पगार १५ हजारांपेक्षा बराच जास्त असेल आणि चूक समोरच्याची सिद्ध होत असेल तर मोटार दाव्यात रक्कम जास्त बसू शकते. चूक स्वतःची असेल तर मालकाकडचाच रस्ता बरा.

ऊसतोड, शेत, बांधकाम

बीडच्या केज, धारूर, वडवणी, पाटोदा भागातून कोयता घेऊन बाहेर पडणाऱ्यांची अडचण वेगळी आहे. उचल मुकादमाची, ऊस कारखान्याचा, ट्रॅक्टर तिसऱ्याचा, आणि अपघात झाला की तिघंही एकमेकांकडे बोट दाखवतात. करार ठेकेदाराशी असला तरी ज्याच्या धंद्याचा भाग म्हणून काम चाललंय त्या मूळ मालकावर जबाबदारी टाकण्याची तरतूद कायद्यात आहे. पण कारखाना मूळ मालक आहे का, यावर कारखाना लढतोच. म्हणून वजनाची पावती, टोळीचा किंवा गाडीचा कोड नंबर, तोडणी-वाहतूक कराराची प्रत, उचलीची चिठ्ठी, जे मिळेल ते फोटो काढून ठेवा. ट्रॅक्टर-ट्रॉलीचा अपघात असेल तर दोन्हींचे नंबर आणि विम्याचे कागद मिळवा.

ऊसतोड कामगारांसाठी एक तरतूद फार मोलाची आहे. अपघात सांगली-कोल्हापूरला झाला म्हणून तिकडे तारखांना जायची गरज नाही. दावेदार जिथे राहतो तिथल्या आयुक्तापुढे दावा करता येतो. बीडच्या माणसाने बीडमध्येच करावा.

स्वतःच्या शेतात मळणीयंत्रात हात गेला, वीज पडली, साप चावला, विहिरीत पाय घसरला, तर मालक-नोकर हा प्रश्नच येत नाही. तिथे गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना: मृत्यू, दोन डोळे किंवा दोन अवयव गेल्यास दोन लाख, एक डोळा किंवा एक अवयव गेल्यास एक लाख. वय १० ते ७५. सातबारावर नाव असलेला शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातला, नावावर जमीन नसलेला एक सदस्य पात्र असतो. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे, तीस दिवसांत. सर्पदंशाला लोक आधी मांत्रिकाकडे आणि मग थेट स्मशानात नेतात. दवाखान्याची नोंद नाही आणि शवविच्छेदन नाही म्हणजे प्रकरण उभंच राहत नाही.

सालगड्याची गोष्ट याहून वेगळी. ट्रॅक्टर, मोटर, मळणीयंत्र अशा यंत्राच्या शेतकामात तो असेल तर शेतमालकाकडून भरपाई मागता येते. गावात राहून हे अवघड आहे, मला माहीत आहे.

बांधकाम कामगाराने महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी केली असेल आणि तिचं नूतनीकरण चालू असेल, तर कामावर मृत्यू झाल्यास वारसाला पाच लाख. नोंदणीला वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो. हे मंडळाचे पैसे आहेत, मालकाकडची भरपाई वेगळी.

आणि बँकेची प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना, वर्षाला २० रुपये, १८ ते ७० वय. अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला दोन लाख, एक हात, पाय किंवा डोळा गेल्यास एक लाख. ती वरच्या सगळ्यांसोबत मिळते. प्रीमियम मे अखेरीस खात्यातून कापला जातो, तेव्हा खात्यात वीस रुपये नव्हते म्हणून विमा बंद पडलेली घरं कमी नाहीत. कंपनीने काढलेला ग्रुप अपघात विमाही असाच वेगळा असतो, एचआरला विचारा.

नवीन संहितेचं काय

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. ईएसआय आणि नुकसानभरपाई हे दोन्ही कायदे आता सामाजिक सुरक्षा संहिता २०२० मध्ये आले. त्याआधीच्या अपघाताला जुना कायदा. भरपाईचं सूत्र तेच राहिलं, ‘आयुक्त’ ऐवजी ‘सक्षम प्राधिकारी’ असा शब्द आला आणि प्रवासातला अपघात संहितेतच लिहिला गेला. कामगाराच्या फायद्याची एक गोष्ट पगाराच्या व्याख्येत आहे. भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील तर वरचा भाग पगारात धरायचा. बेसिक सहा हजार आणि बाकी सगळे भत्ते, असली स्लिप आता भरपाई कमी करायला वापरता येणार नाही.

‘सही करा आणि मिटवून टाका’

रुग्णालयातून सुटतानाच एक कागद पुढे येतो: ‘मला सर्व रक्कम मिळाली, यापुढे कोणतीही तक्रार नाही.’ भरपाईचा हक्क सोडून देणारा करार कायद्याने रद्दबातल आहे. मृत्यूची भरपाई तर मालकाने घरच्यांच्या हातात द्यायचीच नसते, ती आयुक्ताकडे जमा करायची असते. परस्पर दिलेली रक्कम हिशेबात धरली जात नाही, आगाऊ म्हणून दिलेल्या तीन महिन्यांच्या पगाराएवढा अपवाद सोडून. तरीही कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर सही देऊ नका, कारण ती रद्द ठरवायला पुन्हा तारखा पडतात. दवाखान्याचे पैसे मालक देत असेल तर घ्या, पावतीवर ‘उपचारासाठी’ असं लिहून घ्या.

कामावरून काढण्याची भीती सगळ्यात मोठी असते. तात्पुरत्या अपंगत्वाचा ईएसआय लाभ चालू असताना मालक तुम्हाला काढू शकत नाही, शिक्षा करू शकत नाही. तशी नोटीस आली तरी ती वैध नाही. ठेकेदाराचा माणूस मात्र नोटीस देत नाही, गेटवर फक्त कार्ड चालत नाही. असं झालं तर त्याच दिवशी गेटवरून एचआरला आणि ठेकेदाराला मेसेज करा, कार्ड नाकारल्याचा फोटो ठेवा आणि लेखी तक्रार कामगार उपायुक्त कार्यालय आणि ईएसआयसी शाखा, दोन्हीकडे द्या. तक्रारीला चालू सर्टिफिकेटची झेरॉक्स जोडायला विसरू नका, काढलं त्या तारखेला लाभ चालू होता हे त्याच कागदावरून दिसतं.